चूक आपली, श्रेय सहकाऱ्यांचे

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी आमच्याकडे होती. बक्षीस समारंभात पाच मुलांची नावे यादीतून सुटली. एक मुलगी शेवटपर्यंत आपल्या नावाची वाट पाहत बसली आणि नंतर अम्मीच्या ओढणीत तोंड लपवून रडू लागली. पालक विचारायला आले तेव्हा आम्ही सगळ्यांसमोर बोलून गेलो, “यादी या सरांनी केली होती.” ते सर नवीन होते. मान खाली घालून उभे राहिले. खरे तर ती यादी तपासण्यासाठी आमच्याकडे आली होती आणि आम्ही न वाचताच सही केली होती.

पुढच्या वर्षी बैठकीत विचारले, “कोणते काम कोण घेणार?” एकही हात वर आला नाही. दोष आम्ही शिक्षकांच्या निरुत्साहाला दिला.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्याकडे ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्याची तयारी करताना एक प्रसंग वाचनात आला आणि आमचे डोळे उघडले.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. प्रकल्पाचे प्रमुख कलाम साहेब होते. उड्डाणाआधी संगणकाने धोक्याची सूचना देऊन मोजणी थांबवली होती. तज्ज्ञांशी मशवरा करून कलाम साहेबांनी उड्डाणाचा निर्णय घेतला. रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. अनेक वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

पत्रकार परिषदेला इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः सामोरे गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास असल्याचे सांगितले. १८ जुलै १९८० रोजी त्याच रॉकेटने ३५ किलो वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचवला. या वेळी पत्रकारांसमोर बोलण्यासाठी धवन यांनी कलाम साहेबांना पुढे केले. ही आठवण कलाम साहेब आपल्या भाषणांतून वारंवार सांगत असत.

यात चूक झाकण्याचा प्रश्न नव्हता. बिघाडाची कसून चौकशी झाली आणि सुधारणाही झाली. पण बाहेरच्यांसमोर माणसांना उघडे पाडले गेले नाही. आम्ही नेमके उलटे केले होते.

पुढच्या बैठकीत आम्ही सर्वांसमोर त्या सरांची माफी मागितली. “न वाचता सही आम्ही केली होती. चूक आमची होती.” एवढे बोलायलाही घसा कोरडा पडला. पण ज्यांचा अपमान चारचौघांत झाला, त्यांची माफी कोपऱ्यात मागून कसे चालेल?

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. काम देताना आधी विचारतो, “तुम्ही हे कसे कराल?” आणि उत्तर पूर्ण ऐकतो. चूक दाखवायची असेल तर एकांतात दाखवतो. चांगल्या कामाचे कौतुक मात्र नाव घेऊन, मुख्याध्यापक आणि पालकांसमोर करतो. शाळेतील शिपाईकाकांचेही नाव त्यात येते.

हीच गोष्ट घरालाही लागू पडते. पाहुण्यांसमोर बिर्याणी खाली लागली की “सुनेने केली” आणि छान झाली की “आमच्या घरची पद्धत आहे” असे आपण सहज बोलून जातो. मग घरातली माणसे कामातून मन काढून घेतात आणि का, ते आपल्याला कळत नाही.

यंदा बक्षिसांच्या यादीचे काम कोण घेणार, असे विचारले तेव्हा पहिला हात त्याच सरांचा वर आला. “पण सर, सही करण्याआधी वाचा हं,” ते हसत म्हणाले. आम्ही दोन वेळा वाचली.