उधार द्या, पण लिहून द्या

आमच्या मेहरूणमधल्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी एक लांबट वही असते. एका पानावर एका घराचे नाव, खाली तारीखवार साखर, तेल, चहापत्ती. पगार झाला की हिशोब चुकता होतो आणि पानावर आडवी रेघ पडते. रोजंदारीवरची कितीतरी घरे या वहीच्या आधारानेच महिना काढतात.

खान्देशातला बराच व्यापार असा शब्दावर चालतो. रावेर-यावलकडे केळीचा भाव ठरतो, घड कापले जातात, ट्रक निघतो आणि पैसे पुष्कळदा मागाहून येतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१ मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली; पण बागेतला सौदा अजूनही अनेकदा तोंडीच होतो. बैलबाजारात तर रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत जुनी आहे.

विश्वास ही चांगलीच गोष्ट आहे. पण आठवण दगा देते. आमच्या नात्यातल्या दोन भावांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. धाकट्याने फळांच्या गाडीसाठी थोरल्याकडून चाळीस हजार घेतले. थोडे थोडे करून फेडले. थोरला म्हणतो, दहा हजार बाकी आहेत. धाकटा म्हणतो, सगळे दिले. दोघेही नमाजी, दोघेही खोटे बोलणारे नाहीत. लिहिलेले मात्र काहीच नाही. तीन ईदा झाल्या, एकमेकांच्या घरी शीरखुर्मा गेलेला नाही.

पवित्र कुरआनमधली सर्वांत मोठी आयत याच विषयावर आहे: सूरह बकरा, आयत २८२. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. रोखीचा हातोहात व्यवहार न लिहिला तरी चालतो, अशी सवलतही तिथेच आहे. म्हणजे भावाला कागद मागणे हा अविश्वास नव्हे, ते अल्लाहच्या आज्ञेचे पालन आहे.

हदीसमध्ये आहे की शहीदाचे सारे गुन्हे माफ होतात, पण कर्ज नाही. एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढवायला प्रेषित मुहम्मद (स.) थांबले, एका सहाबींनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच पढवली.

शाळेच्या वहीचे एक पान पुरते. तारीख, रक्कम, परतीची मुदत, दोघांच्या सह्या, साक्षीदारांची नावे. त्याच्या दोन प्रती कराव्यात. जेवढे परत येईल तेवढे त्याच पानावर, दोघांसमोर नोंदवावे. घरातल्या बायकांनाही ते पान कुठे ठेवले आहे हे ठाऊक असावे. मृत्यू सांगून येत नाही. रमजानमध्ये जकातीचा हिशोब करतानाही येणे किती, देणे किती, हे त्या पानावरूनच कळते.

बांगलादेशात नववर्षाला दुकानदार नवी लाल वही उघडतात. गिऱ्हाईक जुनी बाकी फेडते आणि मिठाई खाऊन जाते. त्या रीतीला हालखाता म्हणतात. हिशोब आणि गोडवा एकत्र नांदू शकतात, ते असे.

आणि समोरचा खरोखरच अडचणीत असेल तर? त्याच सूरहची २८० वी आयत सांगते की त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्या. सोडून दिले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. पण सोडायचे किती, हे कळायलाही आधी ते लिहिलेले हवे.