सुरकुत्यांची सुई : कुपीपासून कपाळापर्यंत

एका मॅट्रिक झालेल्या निवृत्त मास्तरानें विषाच्या कुपीवर भाषण करावें, हें ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठ्या पडतील. माझा विषय त्या आठ्यांचाच आहे. पस्तीस वर्षें मुलांवर डोळे वटारून माझ्या भुवयांमध्यें ज्या दोन उभ्या रेघा कोरल्या गेल्या, त्या मी निवृत्तिवेतनाचाच एक भाग समजतों. माझ्या पुतणीला स्वतःच्या रेघांबद्दल तसें वाटलें नाहीं. मुलीच्या लग्नापूर्वीं त्या घालवाव्या असें तिनें ठरविलें व सोबतीला मला नेलें. पहिल्या दवाखान्यांत आंतून भरूनच आणलेली पिचकारी पुढें आली. "कुपी दाखवाल काय?" असें मीं विचारलें. "आजोबा, तें आमचें काम आहे," असें उत्तर मिळालें. आम्ही उठून आलों. पुतणी वाटेंत एक शब्द बोलली नाहीं. कुपी पाहण्याचा माझा हट्ट कां होता, तें आज सांगतों.

ह्या सुईंतील औषध म्हणजे बॉट्युलिनम नांवाचें विष. बाजारांत त्याच्या एका प्रकाराचें बोटॉक्स हें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. 1895 सालीं बेल्जममधील एका खेड्यांत अंत्यविधीसाठीं आलेल्या वाजंत्र्यांनीं खारवलेलें डुकराचें मांस खाल्लें. त्यांतील तिघे दगावले. त्या मांसांतून व्हान अर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञानें ज्या जंतूचा शोध लावला, त्याचेंच हें विष. तें मज्जातंतूकडून स्नायूस जाणारा निरोप अडवितें, म्हणून स्नायु आकसत नाहीं. पुढें अमेरिकेंत 1989 सालीं तिरळेपणावर व पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारावर त्यास परवानगी मिळाली. व्हँकूवर येथील नेत्रवैद्या जीन कॅरुथर्स यांच्या ध्यानांत आलें कीं, पापण्यांसाठीं सुई घेणाऱ्यांच्या आठ्याहि मावळतात. त्यांनीं व त्यांचे पति, त्वचारोगतज्ज्ञ अॅलस्टेअर यांनीं 1992 सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. 2002 सालीं अमेरिकेंत भुवयांमधील आठ्यांसाठीं ती सुई मान्य झाली.

आतां कुपीकडे वळूं. 100 युनिटांच्या कुपींत पाहूं गेल्यास कांहींच नाहीं असें वाटतें. तळाशीं पांढुरका पातळ थर तेवढा दिसतो. तोहि बहुतांशीं मीठ व रक्तांतील अल्ब्युमिन. विष त्यांत डोळ्यांस न दिसण्याइतकें अल्प. ही कुपी 2 ते 8 अंश सेंटिग्रेड उष्णतामानांत ठेवावी लागते. ती बाहेर काढल्यावर नांव, युनिटांची संख्या, मुदत व खेप-क्रमांक वाचून कागदावर नोंदवावयाचा. रबरी बुचाला स्पिरिट लावून तें वाळूं द्यावयाचें, व मग शेंकडा 0.9 प्रमाणाचें निर्जंतुक मिठाचें पाणी सुईनें आंत सोडावयाचें. येथें एक सुंदर परीक्षा आहे. कुपींत निर्वात पोकळी असल्यामुळें पाणी आपण ढकलण्यापूर्वींच आंत ओढलें जातें. न ओढलें गेल्यास कुपी टाकून द्यावी, असें बोटॉक्स करणारे स्वतःच सांगतात. नंतर कुपी हळूहळू फिरवावयाची. मिश्रण स्वच्छ, रंगहीन दिसलें पाहिजे. कालवल्याची वेळ कुपीवर लिहावी व तें थंडाव्यांत ठेवून 24 तासांच्या आंत वापरावें, असा त्यांचा निर्देश आहे.

आतां माझ्या आवडीचें त्रैराशिक. 100 युनिटांत 2.5 मिलिलिटर पाणी घातलें, तर 0.1 मिलिलिटरमध्यें किती युनिट? उत्तर 4. भुवयांमधील आठ्यांसाठीं पांच ठिकाणीं 4 प्रमाणें 20 युनिट, म्हणजे अर्धा मिलिलिटर. हें सोपें वाटतें. पण पुष्कळ ठिकाणीं इन्शुलिनची बारीक पिचकारी वापरतात, आणि तिच्यावर 1 मिलिलिटरला 100 रेघा असतात. त्या रेघांनाहि युनिट म्हणतात. पण तीं इन्शुलिनचीं! ज्यानें "20 युनिट" म्हणून 20 रेघा भरल्या, त्यानें विष दिलें केवळ 8 युनिट. उलट, कुपी 1 मिलिलिटर पाण्यांत कालवली असतां जुन्या संवयीनें अर्धा मिलिलिटर टोचला, तर 20 च्या जागीं 50 युनिट गेले. म्हणून कुपीवर पाण्याचें मापहि लिहिलेलें हवें. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांचीं युनिटें सारखीं नव्हेत. ज्या कामाला बोटॉक्सचे 20, त्याच कामाला डिस्पोर्टचे 50 लागतात. एकाचा हिशेब दुसऱ्यास लावणें म्हणजे शेर आणि पौंड एकच मानणें होय.

हा केवळ मास्तरी काटेकोरपणा नव्हे. 2004 सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडांत चार माणसांना, मनुष्यासाठीं परवाना नसलेलें प्रयोगशाळेंतील तीव्र विष टोचलें गेलें. चौघांनाहि पक्षाघात होऊन श्वासोच्छ्वासासाठीं यंत्राचा आधार घ्यावा लागला. नकली कुप्यांचे प्रकारहि तेथें 2024 सालीं उघडकीस आले.

कुपीइतकीच रुग्णाचीहि तयारी असते. गर्भार किंवा अंगावर पाजणारी स्त्री, मायस्थेनिया नांवाच्या स्नायुदौर्बल्याचा रोगी, जेंटामायसिनसारखें औषध चालू असलेला मनुष्य, टोचण्याच्या जागीं पुळी झालेला, ह्यांनीं तें डॉक्टरांस आधींच सांगितलें पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास जागा काळीनिळी होते; पण त्या आपण होऊन बंद करूं नयेत. डॉक्टर आठ्या घालावयास लावतात, स्नायु चांचपतात, खुणा करतात. बाहेरची टोंचणी भुवईच्या हाडापासून निदान एक सेंटिमीटर वर ठेवावयाची. विष खालीं पसरलें तर पापणी पडते व ती सावरावयास कित्येक आठवडे लागतात. सुईनंतर जागा चोळूं नये. गिळतांना, बोलतांना वा श्वास घेतांना त्रास वाटला, तर तत्काळ इस्पितळ गांठावें.

दुसऱ्या दवाखान्यांत डॉक्टरीणबाईंनीं आमच्यासमोर कुपीचें वेष्टण काढलें. पाणी सुर्रकन आंत गेलेलें मीं पाहिलें. दहा-दहा रेघांच्या पांच टोंचण्या झाल्या. पुतणीनें डोळे मिटूनच "पन्नास" अशी बेरीज केली. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसूं लागतो व सुमारें तीन-चार महिने टिकतो. पंधराव्या दिवशीं ती घरीं आली. "काका, आठ्या घालून दाखवा पाहूं!" असें म्हणाली. मीं घातल्या. तिनेंहि आरशासमोर पुष्कळ खटपट केली. तिला घालतां येईनात.