गल्लीचा हत्ती, घाटाचा पिकअप

जुन्नर-ओतूरकडची मेथी-कोथिंबीर माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजार समितीत येते ती बहुतेक वेळा महिंद्राच्या पिकअपमधून. तिथून डोंबिवलीतल्या एखाद्या अरुंद गल्लीपर्यंत तीच जुडी जाते टाटा एसमधून, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीतून. माल एकच, पण गाड्या दोन. कुठल्या बाजाराला कुठली गाडी मानवते, याचं उत्तर या एका वाटेवरच मिळतं.

टाटा एस 2005 साली आली. तोवर थोड्या मालाला तीनचाकी आणि जास्तीला 1986 पासूनची टाटा 407. मधली जागा रिकामीच होती. टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या चमूने तीनचाकीवाल्यांशी बोलून ती हेरली. चार चाकं आली की मालकाची पत वाढते, हेही त्यांना कळलं. सुरुवातीच्या गाडीला दोन सिलिंडरचं 702 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद 16 अश्वशक्ती, भार पाऊण टन. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. पण लांबी 3.8 मीटर आणि रुंदी दीड मीटर आहे. दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या गल्लीत गाडी वळवायची तर हेच आकडे कामाला येतात. डोंबिवलीत फडके रोडच्या आतल्या दुकानांना माल पोचतो तो या आखूडपणामुळे. मला ही गाडी भारतीय अभियांत्रिकीतलं फार मोठं काम वाटतं.

माळशेजला मात्र हा हत्ती पुरत नाही. तिथे बोलेरो पिकअप लागतो: अडीच लिटरचं इंजिन, मजबूत चासी, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, आणि मोठ्या मॉडेलमध्ये 1.7 टन भार. पावसाळ्यात भरल्या हौद्यानिशी उतरताना नुसत्या ब्रेकवर भागत नाही, गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनाने धरावी लागते. हेच पाटे रिकाम्या परतीला प्रत्येक गतिरोधकावर चालकाची कंबर मोडतात. फाळक्याच्या वर कॅरेट रचून, ताडपत्री आवळून निघालेल्या गाड्या मुरबाड रस्त्यावर दिसतात तेव्हा पोटात गोळा येतो. हा जादा भार चालकाच्या जिवावर वाहिला जातो.

गाडीची निवड कायद्यानेही ठरते. मालासकट एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्यातच ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. मग भिवंडीच्या गोदामातला माल घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपर्यंत दिवसा न्यायचा तर लहान गाडीच हवी.

देशाबाहेरही बाजार आणि कायदाच गाडी ठरवतात. अमेरिकेची लाडकी फोर्ड एफ-150 आरशांशिवायच दोन मीटर रुंद आहे. हौदा रिकामा ठेवून ती घरची गाडी म्हणूनही फिरते. 1964 साली लावलेल्या 25 टक्के आयात शुल्काने परक्या पिकअपना तिथे दार बंद केलं. थायलंडने करात सवलत दिली आणि एक टनी पिकअप घरोघरी गेला. जपानच्या केई ट्रकला नियमानेच 3.4 मीटर लांबी आणि 660 सीसीची मर्यादा आहे. आपल्या हत्तीचा जवळचा नातेवाईक तोच. आपल्याला बोलेरो पिकअप देणारी महिंद्रा दक्षिण आफ्रिकेसाठी स्कॉर्पिओवर बेतलेला पिकअप 2018 पासून डर्बनजवळ जोडते. टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये इथे आली ती सुमारे 34 लाखांना. गाडी उत्तम आहे, पण कोथिंबिरीच्या भाड्यातून तिचा हप्ता फिटणार नाही.

महापालिकांना एक विनंती आहे. ठाण्याच्या जांभळी नाक्यासारख्या जुन्या बाजारांत माल उतरवायला जागा आणि वेळ आखून द्या. शहराचं जेवण आणणाऱ्या चालकाने दंडाच्या धास्तीत फाळका का उघडावा?

आणि पहिली गाडी घेणाऱ्या तरुणांनो, शोरूमला जाण्याआधी रोजचा माल काट्यावर तोला आणि शेवटच्या गल्लीची रुंदी मोजा. पाऊण टनाच्या आत आणि शहरातच फिरायचं असेल तर एस. वागळे इस्टेट ते भिवंडी अशी सपाटीवरची सव्वा टनाची खेप असेल तर अशोक लेलँडची दोस्त किंवा टाटाची इंट्रा. घाट असेल तर बोलेरो पिकअपच घ्या, आणि पासिंगपेक्षा एक कॅरेटही जास्त चढवू नका.