इंजिनाचा पिस्टन निवडतांना

बैल विकत घेतांना शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि चार जाणत्यांस विचारतो. त्याच्याच घरीं इंजिनाचा पिस्टन बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र मिस्त्री जो डबा पुढें करील तो मुकाट्यानें घेतला जातो. गतवर्षीं आमच्या घरीं असेंच घडलें, व त्याची किंमत ऐन मृगाच्या तोंडावर मोजावी लागली; म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांतील निवृत्त कारकून. यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. तथापि क्षेत्र व आकारणी यांचे हिशेब करण्यांत हयात गेल्यामुळें पुढील गणित त्यास जड गेलें नाहीं, व वाचकांसही जाणार नाहीं.

माझ्या पुतण्याजवळ जुन्या बिडाच्या सिलिंडरची ३५० ची बुलेट आहे. स्लीव्ह नवी घालून मूळ मापाचा पिस्टन बसवावयाचा होता. मिस्त्री म्हणाला, "हा उंच टोपीचा टाका भाऊ, गाडी कशी पयते तें पाहा." गाडी खरोखरच पळाली. महिनाभर पुतण्या खूष होता. पुढें मे महिन्याच्या अखेरीस तो एका सोबत्यासह अकोल्याहून बियाण्याच्या थैल्या घेऊन परत निघाला. पातूरच्या घाटाच्या चढावर, पत्र्याच्या डब्यांत खडे वाजावे तसा टकटक आवाज येऊं लागला. त्यानें मूठ आणखीच पिळली. थोड्याच वेळांत इंजिन धूर ओकून बंद पडलें. उघडून पाहतां पिस्टनच्या माथ्यास भोंक! बियाणें मालमोटारीनें घरीं आलें, पण खतासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम इंजिनांत गेली.

आतां हिशेब पाहूं. पिस्टन खालीं असतां सिलिंडरांत जेवढी जागा असते ती, व पिस्टन वर आला म्हणजे उरणारी जागा, या दोहोंच्या प्रमाणास मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतात. या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन ३४६ घन सेंटिमीटर जागा झाडतो. कारखान्याचें प्रमाण ७.२५ ला १. तें येण्यास वर सुमारें ५५ घन सेंटिमीटर जागा उरावी लागते. आमच्या मिस्त्रीनें दिलेल्या घडणीचाच दुसरा पिस्टन बसवून आम्हीं मागाहून मोजलें, तों जागा अवघी साडेछत्तीस भरली. प्रमाण साडेदहास एक!

प्रमाण वाढविल्यानें लाभ होतो हें खोटें नाहीं. त्याच इंधनांतून अधिक काम निघतें. परंतु लाभ उत्तरोत्तर घटत जातो. कागदावरील आदर्श गणितानें सव्वासातावरून साडेदहावर गेल्यास ११-१२ टक्के अधिक काम मिळावें. प्रत्यक्षांत त्याहून कमीच. उलट बाजूस, मिश्रण जितकें अधिक दाबावें तितकें तें तापतें. प्लगची ठिणगी पडून ज्योत पसरत असतां तिच्यापुढें उरलेलें मिश्रण स्वतःच एकदम पेट घेतें, आणि जो घणाघात होतो तोच तो टकटक आवाज. हा ठोका इंधनास कितपत सोसतो याचें माप म्हणजे ऑक्टेन. सन १९१९ च्या सुमारास इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं चालतां चालतां प्रमाण बदलतां येईल असें इंजिन बांधून निरनिराळीं इंधनें पारखलीं. पुढें १९२१ मध्यें अमेरिकेंत शिशाचें एक द्रव्य पेट्रोलांत मिसळून ठोका थांबविण्याची युक्ति निघाली. तें द्रव्य विषारी, म्हणून आपल्या देशांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंरहित पेट्रोलच मिळूं लागलें.

येथें कोणी विचारील कीं, आजकालच्या मोटारी दहा-अकरा प्रमाणावर सुखानें धांवतात, मग बुलेटनेंच काय पाप केलें? आमच्या पुतण्याचा प्रश्न हाच होता. उत्तर असें कीं मोटारीचें इंजिन पाण्यानें थंड होतें व ठोक्याची चाहूल लागतांच ठिणगी मागें सरकविणारें यंत्र तिच्यांत असतें. बिडाचा सिलिंडर वाऱ्यावर निवतो, तोही वैशाखांत पारा चाळिशीच्या वर असतां. शिवाय उंच टोपी ज्वालेच्या वाटेंतच आडवी येते. ज्योतीस वळसा पडतो, आणि तेवढा अवधि मागें राहिलेल्या मिश्रणास पेटण्यास पुरतो. तिसरें कारण इथेनॉल. २०२५ पासून पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळतें. त्याचें ऑक्टेन पूर्वींच्या ९१ हून अधिक, म्हणजे ९५ आहे, हें चांगलेंच. पण इथेनॉलास हवा कमी लागते. जुन्या कार्बोरेटरचें जेट तेंच ठेवल्यास मिश्रण पातळ पडतें व इंजिन तापतें. शंभर ऑक्टेनचें पेट्रोल २०२० पासून मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर निघालें आहे खरें. पण इंजिन सजवावयाचें तें रिसोड-मानोऱ्याकडील पंपावर जें हमखास मिळतें त्याच्या भरंवशावर.

म्हणून पिस्टन घेण्यापूर्वीं मोजावें. पिस्टन अगदीं वर आणून, गाडी तिरकी करून प्लगचें भोंक सर्वांत उंच येईल असें करावें आणि गुरांच्या दवाखान्यांत असते तशा मोठ्या सिरिंजनें आंत तेल भरावें. रिंगांतून झिरपण्यापूर्वीं काम उरकावें. तसेंच पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्याची मऊ माती थापून इंजिन हातानें दोन फेरे फिरवावें, म्हणजे व्हॉल्व्ह टोपीस लागतात कीं काय तें मातीच्या ठशावरून कळतें. घडाईच्या पिस्टनची मिस्त्री लोक फार वाखाणणी करतात. तो बळकट खरा. पण तापून अधिक फुगतो, म्हणून सिलिंडरांत सैल बसवावा लागतो व थंडींत खडखडतो. बाजारहाटाच्या गाडीस ओतीव पिस्टन पुरेसा आहे.

विहिरीवरील डिझेल इंजिनाचा न्याय याच्या उलट. तेथें ठिणगी नाहीं. दाबाच्या उष्णतेनेंच तेल पेटावयाचें. किर्लोस्करांच्या ५ अश्वशक्तीच्या एव्ही-१ इंजिनाचा व्यास ८० व धांव ११० मिलिमीटर, प्रमाण साडेसोळा. हिशेबानें वर ३६ घन सेंटिमीटरांहूनही किंचित् कमी जागा उरते. हेडखालीं एक मिलिमीटर जाड गॅस्केट पडली तर पांच घन सेंटिमीटर वाढतात व प्रमाण साडेचौदावर येतें. मग पौषाच्या पहाटे हरभऱ्यास पाणी देण्याकरितां हँडल मारून मारून गडी घामाघूम होतो, व दोष बिचाऱ्या नोझलला लागतो. जुनी गॅस्केट काढतांच सूक्ष्ममापकानें तिची जाडी मोजून वहींत टिपावी.

आमच्या बुलेटमध्यें शेवटीं कमी उंचीच्या टोपीचा ओतीव पिस्टन घातला. तेलानें मोजतां जागा साडेएकूणपन्नास भरली, म्हणजे प्रमाण आठ. जेट एक नंबर मोठें केलें, ठिणगी किंचित् मागें घेतली. यंदा मे महिन्यांत दोघे जण व सामान घेऊन गाडी तोच पातूरचा घाट निमूटपणें चढली. पुतण्या म्हणतो, पूर्वींची ओढ राहिली नाहीं. खतें मात्र वेळेवर आलीं.