दोन बादल्या आणि चार फडकी

दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडची प्रत्येक गाडी नवी दिसते. सोसायटीच्या आवारात नळी फिरते, बादल्या खणखणतात, बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक उमटते, झेंडूचा हार चढतो. एकदा सोने लुटून झाले, की बाकीचे वर्ष तीच गाडी रोज सकाळच्या कोरड्या फडक्यावर काढते.

हल्ली मात्र काही घरांत रविवारची सकाळ निराळी असते. गृहस्थ अर्ध्या चड्डीवर खाली उतरतात, मुलगी बादली धरते आणि दोन तास गाडीची सेवा चालते. या छंदाला ‘कार डिटेलिंग’ म्हणतात. आता मराठीतही तेच नाव रुळले आहे. रंग, काच, चाके, आसने, एकेका भागाची सावकाश निगा राखायची, एवढाच त्याचा अर्थ. छंद मोठा गोड आहे. पंचाईत होते ती सामान घेताना. दुकानात मेण, पॉलिश, फोम, कोटिंग, यंत्रे अशी आरास मांडलेली असते. नवशिका उत्साहाच्या भरात पिशवी भरून आणतो आणि पुष्कळदा त्या पिशवीतूनच गाडीचे नुकसान घरी येते.

ते कसे, हे कळायला रंगाची जाडी ठाऊक हवी. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक म्हणजे या थराची चमक. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी. जुन्या फियाट-अँबॅसडरवर असा वेगळा थर सहसा नसे. म्हणून त्या गाड्यांना पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा.

बँकेत वाहनकर्जाच्या फायली हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे मला हा थर एखाद्या ठेवीसारखा वाटतो. मात्र या ठेवीवर व्याज नाही. भरणा एकदाच, कारखान्यात. पुढे नुसते काढणे. घासून चमकवणारे प्रत्येक पॉलिश या ठेवीतून थोडे काढून घेते. म्हणून सामान निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : याने माझी ठेव वाचेल, की खर्च होईल?

उन्हात बॉनेटकडे पाहिले, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. त्यांतल्या बहुतेक धुण्यापुसण्यातूनच पडलेल्या असतात. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. कोरडे फडके फिरवले, की ते कण रंगावरून फरफटत जातात. तेव्हा सुरुवातीचे सगळे सामान हे कण न घासता उचलण्यासाठी हवे.

पहिली खरेदी दोन बादल्या. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. गाडीवरून फिरवलेला हात आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग पुन्हा शाम्पूत बुडवायचा. घरातल्या जुन्या बादल्या चालतात. चाकांसाठी मात्र तिसरी आणि तिचे फडकेही वेगळे. स्पंजाऐवजी मायक्रोफायबरचा केसाळ हातमोजा घ्यावा. स्पंजाच्या सपाट तोंडाखाली कण अडकून राहतो. मोज्याच्या केसांत तो आत शिरतो.

शाम्पू गाडीचाच घ्यावा. धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण तेलकटपणाबरोबर आधी लावलेले मेणही काढून नेतो. मायक्रोफायबरची चार फडकी आणावीत : एक जाड, अंग टिपायला, दोन मध्यम, मेण पुसायला, एक काचेसाठी. जुना बनियन हाताला कितीही मऊ लागला, तरी त्याची शिवण रंगाला मऊ लागत नाही. ही फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवात तर मुळीच बुडवू नयेत. त्याने त्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय गाडीला लावायचे नाही.

शेवटी मेणाचा एक डबा. कार्नाउबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. धुतलेल्या, थंड गाडीवर सावलीत त्याचा पातळ हात द्यावा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. एवढे सगळे साधारण दोन-अडीच हजार रुपयांत बसते.

पॉलिशचे यंत्र पहिल्या वर्षी नको, कारण ठेव सर्वांत वेगाने तेच काढते. सिरॅमिक कोटिंगही नको, कारण त्याखाली दबलेल्या रेघा काढायच्या, तर आधी कोटिंगच घासावे लागते. चकाकी आणणारे द्रव स्टिअरिंग, पेडल आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच लावू नये. तिथे चकाकी म्हणजे घसरण.

पाण्याचा हिशेब आपल्याकडे टाळता येत नाही. नळी सोडून दिली, तर मिनिटाला दहा लिटर तरी सहज वाहतात. त्याऐवजी शक्य तिथे पाण्याने न खळबळण्याचा शाम्पू वापरावा. गाडीवर फार चिखल नसेल, तर एका बादलीत काम होते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून गाडीवर ओतले जाते; पण त्यात क्षार जास्त असतात आणि वाळल्यावर पांढरे डाग उरतात. ते चाकांना वापरावे. बोअरच्या पाण्यालाही हाच न्याय. गाडी वाळू न देता लगेच टिपावी. पक्ष्यांची विष्ठा, मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली पडणारा तुडतुड्यांचा चिकटा, दसऱ्याचे कुंकू, यांवर ओले फडके पाच मिनिटे ठेवावे आणि मग अलगद उचलावे. नखाने खरवडू नये.

हा छंद लागला, की पहिला राग येतो तो सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या मुलावर. एका बादलीत पंधरा गाड्या पुसणारा हा मुलगा एकाएकी गुन्हेगार वाटू लागतो. त्याला काढून टाकू नये. आपला तो रविवारचा विरंगुळा, त्याचे महिन्याचे पोट. कामावर जायच्या किंवा कॉलेज गाठायच्या आधी पंधरा गाड्या उरकायच्या, तर हात घाईचाच चालणार. त्याला दोन चांगली फडकी द्यावीत आणि सांगावे, “बाबा, रोज काचा आणि चाके तेवढी पूस. अंगाला पाण्याशिवाय हात लावू नकोस. पैसे तेवढेच देईन.” त्याचे काम हलके होते आणि आपली ठेव शाबूत राहते. छंदाच्या सामानात हा खर्च आधी धरावा.