अमर्याद रजा : सवलत आणि हिशेब

वर्षाकाठी किती रजा घ्यावी हे कर्मचाऱ्यानेच ठरवावे व त्या दिवसांचे पूर्ण वेतनही त्याला मिळावे, अशी पद्धत अमेरिकेतील काही कंपन्यांनी स्वीकारली आहे. मायक्रोसॉफ्टने ती तेथील ठोक वेतनावरील कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२३ पासून लागू केली. तासांवर वेतन घेणारे मात्र वगळले गेले.

वरकरणी ही उदारता वाटते. परंतु भरपगारी वार्षिक रजेचे बंधन मालकांवर घालणारा संघराज्याचा कायदा अमेरिकेत नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. कॅलिफोर्निया राज्यात साठलेली रजा हे कमावलेले वेतन मानले जाते आणि नोकरी सुटताना तिचे पैसे चुकते करावे लागतात. मर्यादाच नसली की खात्यावर रजा साठत नाही. आणि जी साठत नाही, तिचे देणेही सहसा उरत नाही.

आपल्याकडील व्यवस्था नेमकी उलट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये दर १ जानेवारी व १ जुलै रोजी १५ दिवसांची अर्जित रजा खात्यावर जमा होते. दीर्घ सुट्टी उपभोगणाऱ्या शिक्षकांची गोष्ट निराळी. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, याचा प्रत्यय कार्यालयात कोणाला आलेला नाही? तथापि न घेतलेली रजा बुडत नाही. सेवानिवृत्तीच्या वेळी कमाल ३०० दिवसांपर्यंत तिचे रोखीकरण होते.

किकस्टार्टर या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये अमर्याद रजा बंद करून वर्षाला २५ दिवस ठरवून दिले. किती रजा घेणे उचित, हेच तेथील कर्मचाऱ्यांना उमगत नव्हते.