सुट्टीवर निघताना कुत्र्याची सोय : दिल्ली परिसरातील दर आणि त्यामागचा हिशेब

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी हे दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे गावी जाण्याचे ठरलेले दिवस. पूर्वी पहाडगंज, करोलबाग भागांत एकवटलेली आणि आता नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या सदनिकांमध्ये विखुरलेली ही कुटुंबे रेल्वेचे आरक्षण खुले होताच तिकिटे काढतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत प्रवासाच्या ६० दिवस आधीची आहे. घरात कुत्रा असेल तर त्याची व्यवस्था मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. मग दूरध्वनी सुरू होतात आणि एका ठिकाणी दिवसाला ५०० रुपये, दुसरीकडे १,००० तर तिसरीकडे २,००० असे आकडे ऐकू येतात. काम वरकरणी एकच असताना दरात चौपट अंतर का असावे, हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारीत नाही. तो विचारण्याजोगा आहे, कारण या अंतरात केवळ गादी आणि वातानुकूलन यांचा फरक नसतो.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात कुत्रा ठेवण्याच्या सोयी साधारणपणे तीन प्रकारच्या आहेत. पहिली, जुन्या पद्धतीची केनेल. छतरपूर, घिटोरनी किंवा सोहना रस्त्याकडील फार्महाऊसच्या आवारात पिंजऱ्यांच्या किंवा लहान खोल्यांच्या रांगा असतात आणि ठरलेल्या वेळी कुत्र्यांना बाहेर सोडले जाते. येथील दर सामान्यतः ४०० ते ७०० रुपयांच्या आसपास असतात. दुसरा प्रकार घरगुती बोर्डिंगचा. एखादे श्वानप्रेमी कुटुंब आपल्याच घरी दोन-चार कुत्रे ठेवून घेते आणि दिवसाला साधारण ६०० ते १,२०० रुपये आकारते. तिसऱ्या प्रकारात पिंजरे नसलेली, खेळाचे मैदान आणि वातानुकूलित खोल्या असलेली केंद्रे येतात. त्यांचे दर हजारापासून दोन हजारांपर्यंत जातात. त्याही पलीकडे चैनीचा एक वर्ग आहे. गुरुग्राममध्ये २०१७ साली उघडलेल्या ‘क्रिटेराटी’ या श्वानांच्या हॉटेलाची तेव्हा देशभर आणि परदेशांतही चर्चा झाली होती. तेथील सर्वांत महागड्या दालनाचे एका रात्रीचे भाडे त्या वेळी सुमारे साडेचार हजार रुपये असल्याचे वृत्त होते. अशा सोयींची बातमी होते खरी, परंतु बहुसंख्य कुटुंबांचा व्यवहार पाचशे ते बाराशे या पट्ट्यातच चालतो.

या पट्ट्यातील दर मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात : जागा, वीज आणि माणूस. जागेचे भाडे दक्षिण दिल्लीत एक आणि फरिदाबादच्या बाहेर दुसरे, हे उघड आहे. विजेचा प्रश्न दिल्लीत विशेष महत्त्वाचा ठरतो. मे आणि जून महिन्यांत येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही आणि उष्माघात त्यांच्यासाठी काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकतो. म्हणून वातानुकूलन असल्याचे सांगण्यात आले तर ते रात्रंदिवस चालते की ठरावीक तासच, आणि वीज गेल्यावर जनित्राची सोय आहे का, हे दोन प्रश्न दर ऐकण्यापूर्वी विचारावयास हवेत.

खरा फरक पडतो तो माणसाच्या हिशेबात. एका कुत्र्याला दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटे स्वतंत्रपणे फिरवायचे म्हटले तर चाळीस मिनिटे लागतात. दहा कुत्र्यांसाठी हा वेळ पावणेसात तासांच्या आसपास जातो, म्हणजे एका कामगाराची जवळपास पूर्ण पाळी. पंचवीस कुत्र्यांसाठी तो साडेसोळा तासांहून अधिक होतो. तेव्हा पंचवीस कुत्र्यांमागे एकच माणूस असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला फिरवून आणतो असे कोणी म्हणत असेल तर ते गणितातच बसत नाही. तेथे कुत्रे एकत्र सोडले जातात किंवा सोडलेच जात नाहीत. एकत्र सोडणे हे वाईटच असते असे नाही. परंतु अनोळखी कुत्र्यांच्या घोळक्यावर लक्ष ठेवणारा माणूस त्या वेळी तेथे हजर असावा लागतो.

दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये ठरविण्यात आले. दिवसपाळी, रात्रपाळी आणि बदली अशी तीन माणसे या वेतनाने ठेवली, तर खर्च दिवसाला सुमारे १,८५० रुपये येतो. दहा कुत्र्यांवर तो वाटला तर प्रत्येकी १८५ रुपये, पंचवीस कुत्र्यांवर वाटला तर अवघे ७४. शिवाय हा धंदा हंगामी आहे. मे-जून, दिवाळी आणि वर्षअखेरीस जागा मिळत नाही. इतर काळात मात्र निम्म्या खोल्या रिकाम्या राहू शकतात आणि पगार तेवढेच द्यावे लागतात. निम्मी जागा रिकामी असेल तर दहा कुत्र्यांच्या केंद्रात हाच खर्च प्रत्येकी ३७० रुपयांवर जातो. त्यात भाडे, वीज, सफाई आणि जंतुनाशके मिळविली की चारशे-पाचशे रुपयांत रात्रपाळीचा माणूस बसविणे किती कठीण आहे, हे ध्यानात येते. स्वस्त ठिकाणी सर्वप्रथम कात्री लागते ती बहुधा रात्रीच्या देखरेखीला. रात्री येथे कोण असते, तो जागा असतो का आणि कुत्रा आजारी पडला तर तो कोणाला कळवतो, या तीन प्रश्नांची उत्तरे दरपत्रकापेक्षा अधिक सांगून जातात.

सांगितलेला दर आणि हाती पडणारे बिल यांतही अंतर असते. दर दिवसाचा की रात्रीचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. अनेक ठिकाणी हॉटेलाप्रमाणे ठरलेल्या वेळेनंतर कुत्रा नेल्यास अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे पैसे पडतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा पोहोचतात, हे दिल्लीकरांना नवीन नाही. त्या उशिराचा भुर्दंड येथेही बसतो. दिल्ली मेट्रोत पाळीव प्राणी नेता येत नाहीत, त्यामुळे नोएडाहून छतरपूरला कुत्रा पोहोचविणे आणि आणणे हा दोन वेळच्या टॅक्सीचा स्वतंत्र खर्च ठरतो. नियमित औषधे, इन्सुलिनची सुई, विशेष आहार यांसाठी जादा आकारणी होते. बऱ्याच ठिकाणी खाणे मालकाने द्यावे अशीच अपेक्षा असते, आणि तेच योग्यही आहे, कारण अन्न अचानक बदलल्यास कुत्र्याचे पोट बिघडते. हंगामात दर वाढतात ते वेगळेच. सांगितलेल्या दरात वस्तू व सेवा कर धरला आहे का, हेही विचारावे. पशुवैद्यकीय दवाखान्यातील उपचारांना या करातून सूट आहे, परंतु कुत्रा सांभाळणे म्हणजे उपचार नव्हे. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवादात्यास सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते, म्हणून घरगुती बोर्डिंगच्या बिलात हा कर सहसा दिसत नाही.

उदाहरणादाखल ८०० रुपये दराने बारा दिवसांचा हिशेब ९,६०० रुपये होतो. जाण्या-येण्याची टॅक्सी, निघण्यापूर्वीच्या लसी, गोचीडनाशक औषध आणि एखादा उशिराचा दिवस धरला की हा आकडा सहज बारा-तेरा हजारांपर्यंत पोहोचतो.

लसींचा मुद्दा पैशांपेक्षा वेळेचा आहे. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसींचे प्रमाणपत्र चांगली केंद्रे मागतातच. अनेक कुत्रे एकत्र असल्याने केनेल कफ या संसर्गजन्य खोकल्याची लसही घेतलेली असावी. लस टोचताच संरक्षण मिळत नाही, त्यास साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी लस टोचून आणलेले प्रमाणपत्र कागदावर वैध असते, एवढेच. जे केंद्र प्रमाणपत्र न पाहताच कुत्रा ठेवून घेते, ते इतरांचेही तसेच ठेवून घेत असणार. माजावर आलेली मादी आणि निर्बीजीकरण न झालेला प्रौढ नर अनेक ठिकाणी स्वीकारले जात नाहीत; हे ऐनवेळी दारात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

या व्यवसायाच्या नियमनाची स्थिती मात्र समाधानकारक म्हणता येणार नाही. घरगुती बोर्डिंगचा मोठा भाग तोंडी ओळखीवर आणि मोबाइलवरील संदेशांवर चालतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असेल त्या प्रत्येकावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी येते. म्हणजे ती सांभाळणाऱ्यावरही आहे. परंतु याच कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या अपराधासाठी असलेला दंड आजही १० ते ५० रुपये एवढाच आहे. एका वेळच्या श्वानखाद्याची किंमत त्याहून अधिक भरावी. सल्लागार संस्था असलेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे मुख्यालय २०१८ पासून फरिदाबाद जिल्ह्यातील बल्लभगड येथे, म्हणजे या राजधानी क्षेत्रातच आहे, हा योगायोग येथे नोंदवावासा वाटतो.

व्यवहारात अधिक उपयोगी पडतो तो भारतीय करार कायदा, १८७२. कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही जंगम मालमत्ता असल्याने तो दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे निक्षेप होय. कलम १५१ प्रमाणे सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्राणीही होते, कारण कलम १६३ मध्ये सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर वासरूही मालकाला परत करावे लागते, असे उदाहरण दिलेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. मात्र त्यासाठी पावती हवी, आणि कुत्रा स्वाधीन करताना त्याचे वजन, प्रकृती, औषधे आणि उपचाराच्या खर्चाची संमती यांची लेखी नोंद हवी. संमतीत रकमेची मर्यादा लिहिलेली असावी, म्हणजे मध्यरात्री दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर दूरध्वनी लागेपर्यंत उपचार थांबत नाहीत.

नव्या जागी सोडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे फाटक उघडताच पळून जाण्याचा. अनोळखी परिसरातून तो घरच्या दिशेने धावत सुटतो आणि दिल्लीच्या रहदारीत सापडतो. दोन दारांचे प्रवेशद्वार असलेले केंद्र म्हणूनच थोडे जास्त पैसे देऊनही पत्करावे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटके कुत्रे पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल करून रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. या घडामोडींनंतर गळ्यात पट्टा आणि बिल्ला नसलेला पाळीव कुत्रा रस्त्यावर सापडल्यास तो भटका समजला जाण्याची शक्यता वाढली आहे. दिल्ली महानगरपालिकेत कुत्र्याची नोंदणी १९५७ च्या महापालिका कायद्यानुसार आवश्यक आहे. नोएडामध्येही नोंदणीची व्यवस्था आहे. तरीही ती न केलेली घरे पुष्कळ आहेत.

बोर्डिंगला पर्याय नाहीत असे नाही, पण ते वाटतात तितके स्वस्त नाहीत. रेल्वेत प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातील दोन शायिकांचा कुपे किंवा चार शायिकांची केबिन पूर्णपणे आपल्याकडे असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो. कुपे मिळाला की नाही हे तक्ता तयार झाल्यावरच कळते. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीतून एकट्याने प्रवास करावा लागतो, आणि जूनमध्ये दिल्ली ते भुसावळ हा प्रवास त्या पेटीत करण्याची वेळ कोणत्याही जिवावर येऊ नये. सर्वच विमान कंपन्या प्राणी नेत नाहीत. ज्या नेतात त्या पिशवीसह काही किलोंच्या आतील प्राण्यालाच प्रवाशांसोबत बसू देतात, म्हणजे लॅब्राडोरला मालवाहू कप्पाच. घरी येऊन राहणारा सांभाळकर्ता मिळाला तर वृद्ध किंवा बुजऱ्या कुत्र्यासाठी तो उत्तम, कारण त्याची जागा बदलत नाही. मात्र त्यात घराची किल्ली परक्या हाती द्यावी लागते. शेजाऱ्यांनी दोन वेळा पोळी-दूध घालण्याची जुनी रीत अंगणाच्या घरांत चालून गेली. चौदाव्या मजल्यावर बंद असलेल्या सदनिकेत ती चालत नाही.

याहून स्वस्त असा एक मार्ग काही लोक पत्करतात, तो म्हणजे कुत्रा सोडून देण्याचा. पुरेशा कारणाविना प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा कलम ११ खालील अपराध आहे. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली १९७९ पासून काम करणाऱ्या ‘फ्रेंडिकोज’सारख्या संस्थांकडे टाकून दिलेले पाळीव कुत्रेही येत असतात. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर अन्न शोधू शकत नाही आणि तेथील टोळ्यांशी झुंजूही शकत नाही.

ज्यांना बोर्डिंगच निवडावयाचे आहे त्यांनी तिकिटांसोबतच जागा राखून ठेवणे आणि प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी एक रात्र कुत्र्याला तेथे ठेवून पाहणे श्रेयस्कर. या एका रात्रीला सहाशे-आठशे रुपये पडतात. दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यालेला आहे का, आवाज बसला आहे का, फाटकाशी पुन्हा जाताना मागे ओढतो का, हे पाहून बरेच कळते. परत आल्यानंतरही दोन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, कारण केनेल कफची लक्षणे दिसावयास दोन ते चौदा दिवस लागू शकतात. तोपर्यंत बिल चुकते झालेले असते. म्हणून घरी आल्यावर उद्भवलेल्या आजाराचा खर्च कोणी सोसावयाचा, हे कुत्रा ठेवण्यापूर्वीच्या त्या लेखी नोंदीत घालून घ्यावे.